खोडरबर आणि रॅमची पट्टी

लेकीच्या नव्या खोडरबरचा वास आला की मी थेट आमच्या शाहूपुरीतल्या डीटीपीच्या दुकानात पोचते. तेव्हा आमचे वडील, आप्पा, नुकतेच गेले होते. बाराव्याच्या कार्डासाठी त्यांचा फोटो साफ करता करता मेमरी अपुरी पडली नि कॉम्प्युटर हँग झाला.

"आप्पास्नी गिळलं की ह्येनं!" ओरडत पैलवान दादानं कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यावर बुक्क्या हाणल्या. पत्रा चेपला, मुठी फुटल्या. कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू होताना नुसता बीप-बीप किंचाळायला लागला.

मी वीज बंद करून रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी उपसली, तिच्यावरचं रक्त पुसलं, टोकं खोडरबरनं घासून परत बसवली. पडदा उजळला, आप्पांचा फोटो परत उघडला.

आप्पांनी शिकवल्याप्रमाणं दादा आखाड्याच्या मातीला हात लावून कपाळाला लावायचा. तसाच त्यानं रक्ताळलेला हात डब्याला लावून कपाळाला लावला. तेव्हा मला हसू फुटलं होतं.

"चुकलं, आप्पा," तो म्हणाला.