नाद्याचं माहेर

ही गोष्ट मी आजवर कोणापाशीच काढली नाही. आमच्या यांच्यापाशीसुद्धा नाही. आणि यांना तर मी बाजारात कोणती बाई काय बोलली इथपासून सगळं सांगते. माझ्या पोटात काही राहत नाही, अशी गावात माझी ख्याती आहे. पण हे राहिलं. आठ वर्षं झाली, राहिलंच आहे.

नाद्याबद्दल सांगायचं आहे. सांगते — पण आधी जरा तिच्या आठवणीत फिरू द्या मला. तिथं बरं वाटतं.

हिंगणघाटच्या अलीकडे, वेणा नदीच्या काठाला आमची भाजीची वाडी. शेजारचा प्रशांत डॉक्टरकी शिकायला किरगिझस्तानात गेला आणि पदवीबरोबर बायको घेऊन आला. ती नाद्या. रशियन बोलणारी, गोरीपान, आणि इतकी उंच की आमच्या दाराची चौकट तिला पहिल्याच दिवशी दोनदा लागली. लग्न तिकडं कचेरीत सह्या करून झालं होतं. प्रशांतचे वडील म्हणाले, असल्या लग्नाला आम्ही लग्न म्हणत नाही, मांडव टाकायचा. पण मग कन्यादान कोण करणार? पोरीचे मायबाप कुठल्या कुठं. तेव्हा आपल्याकडे करतात तसं केलं, मानलेले मायबाप उभे केले. आम्ही दोघं. यांनी तिचा हात हातात घेतला, मी पाणी सोडलं, आणि त्या दिवसापासून आमचं घर तिचं माहेर झालं.

लोकांना हा एका दिवसाचा उपचार वाटतो. तिला नाही वाटला. माहेर म्हणजे काय हे कोणीतरी तिला समजावलं होतं, आणि तिनं ते अगदी मनावर घेतलं. दिवाळीला पिशवी भरून चार दिवस राहायला यायची. भांडण झालं की यायची. पहिल्यांदा वाडीत आली तेव्हा शेपूचा वाफा पाहून तिथंच खाली बसली, आणि शेपूची जुडी नाकाशी धरून रडायलाच लागली. त्यांच्याकडे म्हणे शेपूशिवाय पान हलत नाही! आमच्याकडे शेपू म्हटलं की पोरं ताटावरून उठतात. ती उकडलेल्या बटाट्यावर कच्चा शेपू टाकायची, दह्यात टाकायची. वरणात टाकायला निघाली तेव्हा मात्र मी हात धरला. किती हसलो आम्ही त्या दिवशी! मराठी ती माझ्याकडूनच शिकली, म्हणजे आमची वऱ्हाडीच. बाजारात गिऱ्हाइकाला म्हणायची, "घ्या ना जी, ताजी भाजी हाय." ती बसली की आमची भाजी दहाच्या आत संपायची. खोटं कशाला बोलू?

खोटं. हं — तिथंच यायचं आहे.

बाहेर शिकलेल्या डॉक्टरला इथं द्यावी लागते ती परीक्षा प्रशांतची तीनदा हुकली, तोवर सगळं बरं होतं. चौथ्यांदा पास झाला, नागपूरच्या दवाखान्यात लागला, आणि मग त्याला नाद्या नकोशी झाली. एके दिवशी त्याच्या वडिलांनी तिचं सामान ओसरीवर आणून ठेवलं. ती ते उचलून आमच्याकडे आली. दुसरं कुठं जाणार? नंतर प्रशांतनं फोनवर तिला सांगितलं, मी घटस्फोटाचा दावा लावला आहे, तू घर सोडून गेलीस म्हणून. तिला घटस्फोट नको होता असं नाही. तिला एवढंच हवं होतं — आपण सोडून गेलो नाही, हे जजसाहेबांसमोर उभं राहून सांगायचं. वर्ध्याचे एक वकील म्हणाले, समन्स येईल, कोर्ट कोणतं नि तारीख कोणती ते त्यावरच कळेल, तो कागद घेऊन ये. मग रोज वांगी निवडताना ती माझ्याकडून वाक्य घोटून घ्यायची. "मी घर नाई सोडलं. मले काढलं." आणि संध्याकाळी विचारायची, "कागद आला काय, माय?"

त्याच दिवसांत आमच्या लेकीचं, वैशालीचं लग्न जमवणं चाललं होतं. मुलगा प्रशांतचा आतेभाऊ, आणि मध्यस्थ प्रशांतचे वडील. एकदा ते चहाला आले आणि सहज बोलावं तसं बोलले, "वहिनी, कोर्टाचा माणूस आला तर पोरगी इथं नाई म्हणजा. वैशालीचं मी पाहून राह्यलो ना." याला धमकी तरी कशी म्हणायची? बशीतला चहा फुंकत बोलले ते. मी त्यांना आणखी चहा ओतला.

कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. हे बाजारात होते. नाद्या विहिरीपलीकडे मेथी खुडत होती, तिचं गुणगुणणं मला दारापर्यंत ऐकू येत होतं. एक हाक मारायची होती फक्त. "ते प्रशांतची बायको इथंच राह्यते न, काकू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाई जी. ते गेली आपल्या देशाले." त्यानं लिहून घेतलं. पाणी मागितलं, ते दिलं. वर पिशवीभर वांगीही दिली. जड गेलं का मला? नाही. जराही नाही.

पोरीसाठी केलं असं म्हणायची सोय आहे. पण पोरीला मी विचारलं कुठं होतं? वैशालीला कळलं असतं तर तिनं ते स्थळ लाथाडलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं नाही.

समन्सवर 'बाई इथं राहत नाही' असा शेरा पडला, आणि निकाल एकतर्फी लागला. नाद्या घर सोडून गेली, असंच त्यात लिहिलं गेलं. वकील म्हणाले, अजून एक रस्ता आहे. तू इथंच होतीस असं घरच्या माणसानं कोर्टात सांगितलं, तर निकाल फिरवता येईल. ती एसटीतून उतरून पळतच आली, चेहरा नुसता फुललेला. घरचं माणूस होतं ना तिला! मी म्हटलं, वैशालीचं लग्न तोंडावर आलं आहे, आता मला कोर्टात नको नेऊ. ती मान हलवून म्हणाली, हो, लग्न पहिले. आणि लग्नात करवली म्हणून कलश धरून वैशालीच्या मागं उभी राहिली.

महिन्याभरात तिचा व्हिसा संपला. निघताना मी तिची ओटी भरली. घटस्फोट झालेल्या बाईची ओटी भरतात का, असं दोघीतिघी म्हणाल्या, पण मी कोणाला जुमानलं नाही. तिथं मात्र माझी केवढी हिंमत!

हिंगणघाटच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली. ती खिडकीशी बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "सासऱ्यानंच सांगितलं असन, माय. मी इथं नाई म्हणून."

मी म्हटलं, "असन."

गाडी सुटेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.