लटारूच्या कमरेची घंटा

"ढोरं आली वो बाईऽऽ!"

गडचिरोलीहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरच्या त्या गावात संध्याकाळ व्हायची ती या हाकेनं. हाक लटारूची. वयानं चाळिशी ओलांडलेला, बुद्धीनं सहा-सात वर्षांचा. बाप डोमा गावचा गायकी. गावभराची गुरं रानात चारून आणायचा. पोराला शिकवता आलं तेवढं त्यानं गुरांमागेच शिकवलं, आणि तो गेल्यावर गावानं काठी लटारूच्याच हातात दिली. लटारू राहायचा थोरल्या, विधवा बहिणीकडे, मनकर्णाकडे. भात मात्र गुरांच्या मालकांनी पाळीपाळीनं द्यायचा, असा रिवाज होता.

१९५६च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो त्या दिवशीची पाळी असलेल्या रुखमाबाईच्या दारात दुसऱ्यांदा उभा राहिला.

"बाई, भात दे वो."

"अबे, आत्ताच तं घेऊन गेला! तुह्या पोटात वाघ शिरला का?"

सगळे हसले. लटारूही हसला. मनकर्णा तेवढी हसली नाही. पुढे त्यानं पाटलाची गाय भलत्याच गोठ्यात नेली. मग जन्मभर ओलांडलेल्या नाल्यात पाय घालायला तो भिऊ लागला.

"तो पयलेपासूनच तसा हाये," शेजारी म्हणत.

"तसा नोता," मनकर्णा म्हणे. "साधा होता, इसरभोळा नोता. ढोर कोणाचं, हे त्याले कधी इचारा लागे का?"

पण जो जन्माचाच भोळा, त्याचं काही हरवतं आहे हे कुणाला दिसणार?

मग एक दिवस गुरं आपली आपण घरी आली. लटारू आला नाही. माणसं हाका मारत निघाली. नाल्याकाठी तो बसला होता आणि पलीकडच्या झाडीकडे पाहून बोलवत होता, "बा, ओ बा! मले ने ना."

सकाळी गुणवंतराव पाटलानं निकाल दिला. "आजपासून वारलू गायकी. मनकर्णा, याले घरी बसव. जंगल हाये, वाघ हाये."

"घरी बसून काय करन तो, मालक?"

"आराम करन."

आराम कसला! अंगणावरून गुरं निघाली की लटारू दाराला धडका देई. मनकर्णा आतून कडी धरून उभी. गुरं लांब गेली की तो भिंतीकडे तोंड करून बसे. हळूहळू जेवणही सुटलं.

एका सकाळी अर्ध्या पिकल्या मिशांचा वारलूच दारात आला. हातात लाकडी घंटा. रानात भरकटणाऱ्या गुरांच्या गळ्यात बांधतात ती.

"बाई, लटारूले पाठव माह्यासंगं."

"अन् हरवला मंग?"

"हे त्याच्या कमरेले बांधतो."

मनकर्णा उसळली. "माहा भाऊ काय ढोर हाये? लोकं हसतीन!"

"हसू दे ना. घंटा कोणाले बांधतो आपण? जे भटकते त्याले. काऊन? ते परत पाह्यजे म्हणून."

तेवढ्यात आतून लटारू आला. त्यानं घंटा हातात घेऊन फिरवली, काठावरच्या खाचेवर अंगठा ठेवला.

"बाची हाये," तो म्हणाला.

खरंच, डोमानंच ती कोरली होती. लटारूनं दोर स्वतःच कमरेभोवती घेतला, वारलूनं गाठ मारली. लटारूनं कंबर हलवली. टक्क, टक्क. कितीतरी दिवसांनी तो हसला.

पाटील तणतणत आला. "जंगलात काई झालं तं?"

"मालक, घरात काय होऊन राह्यलं ते मी पाह्यलं," मनकर्णा म्हणाली. "जाऊ द्या त्याले."

पाटलानं लटारूकडे पाहिलं. मग तो बाजूला झाला.

त्यानंतर संध्याकाळची हाक वारलू देई. लटारू तीही विसरला होता. मनकर्णा दारात उभी राहून ती एक घंटा ऐके.

थंडीतल्या एका संध्याकाळी घंटा अंगणात येऊन थांबली. लटारूनं मनकर्णाकडे परक्यासारखं पाहत विचारलं,

"बाई, लटारू आला का वो घरी?"

मनकर्णा दारातून बाजूला सरली.

"आला ना. आत्ताच आला."

"जेवला?"

"जेवला. आत झोपला हाये. तूही जेव. ये, चुलीपाशी बस."

लटारू आत आला. आतल्याची झोप मोडू नये म्हणून त्यानं घंटा मुठीत धरली आणि अलगद खाली बसला.