वहिनींनी उघडलेली छत्री

त्या जुन्या लष्करी विमानतळावर तिला सगळेच वहिनी म्हणत. वास्तविक ती तिथल्या एकाच माणसाची वहिनी होती. तो तिचा धाकटा दीर, निवृत्त लढाऊ वैमानिक. पण तो हँगरभर ‘वहिनी, वहिनी’ करत फिरे, आणि बाकीच्यांचं तिचं नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. तिच्याहून वयाने चांगले मोठे असलेले, तिथली विमानं जपणाऱ्या संस्थेचे चिटणीसही तिला वहिनी म्हणत. आता नाव सांगितलं असतं, तर ही कोण नवीन बाई आली म्हणून लोकांनी तिच्यामागे पाहिलं असतं.

लग्नानंतर या दिरानेच घरी बातमी आणली होती, की हवाईदलाला शिवणकाम येणारी माणसं हवी आहेत. गणवेशांची बटणं लावायची असतील, अशा समजुतीने ती गेली. तिच्यापुढे धावती विमानं थांबवणाऱ्या हवाईछत्र्यांचा ढीग टाकण्यात आला. मग नोकरीभर तिने छत्र्या तपासल्या, रफू केल्या, लांबलचक टेबलावर घड्या घालून पिशव्यांत कोंबल्या. या कामात दाद मिळण्याची एकच रीत होती. कोणी काही बोलत नसे.

तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात कारकून. विमान म्हटलं की त्याला भावाने घरी आणलेला मोठा आवाज आठवे. “एक जण उडवतो, एक जण थांबवते,” तो म्हणायचा, “आणि मी भाजी आणतो.” हे मात्र खरं होतं. भाजी तोच आणायचा, आणि चांगली आणायचा.

हवाईदल तो तळ सोडून गेलं, तेव्हा मागे काही निकामी जेट विमानं आणि एक उत्तम धावपट्टी उरली. निवृत्त मंडळींनी संस्था काढली. विमानं धुतली, गंज खरवडला, रंग दिला. बहुतेक विमानं उभी राहण्यापुरतीच बरी झाली. एक मात्र धावू लागलं. उडायची परवानगी त्याला नव्हती, पण दीर त्यात बसून धावपट्टीवर ते असं सोडायचा की पुढचं चाक जमिनीवरून उचललं जाई आणि बघणाऱ्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणावत. नंतर विमान थांबवायचं, तर चाकांचे ब्रेक एकटे पुरे पडत नसत. शेपटीतून एक छत्री उघडायची आणि विमानाला मागून धरून ठेवायची. ही छत्री वहिनी बांधत. दुसरी एक होती, पण तिची ठिगळं केव्हाच पहिलीला लागली होती.

जमीन नगरपालिकेची. धावपट्टी वापरात आहे तोवर जागा संस्थेची, असा करार होता. नुसती विमानं मांडून ठेवायची तर त्याला एक कोपरा पुरतो, बाकीच्या जागेत गोदामं बसतील, असं पालिकेत बोललं जाऊ लागलं. धावपट्टीच्या टोकाशी भिंत होती, भिंतीपलीकडे रहदारीचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे पहिली गोदामं येऊन उभीही राहिली होती. शेवटी पालिकेची समिती धावपट्टीचा वापर प्रत्यक्ष पाहायला येणार असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सभेत मतदान. चिटणीसांनी चुन्याने रेघा मारून घेतल्या आणि समितीसाठी गाद्यांच्या खुर्च्या मागवल्या. आपली माणसं इतकी वर्षं लोखंडी बाकांवर बसत होती, हे तेव्हा कुठे कोणाच्या लक्षात आलं.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी छत्री बांधली. हे काम म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबण्यासारखं. गुडघ्याने दाबायचं, लांब दांड्याच्या हुकाने दोऱ्या आतून ओढून घ्यायच्या. काम संपलं की प्रत्येक हत्यार भिंतीवरच्या फळीवर आपापल्या जागी अडकवायचं. फळीवर हत्यारांच्या आकृत्या काळ्या रंगात काढलेल्या. काही राहिलं तर ती काळी आकृती उघडी पडून बोंब मारते. ती फळी पाहिल्याशिवाय छत्री विमानात बसवायची नाही, हा हवाईदलातला नियम. तो संस्थेत पाळणाऱ्या बहुधा त्या एकट्याच.

त्या दिवशी फळी पाहिली का? पाहिली असावी. चिटणीस मधेच खुर्च्या कुठे ठेवू विचारायला आले होते. मग छत्री शेपटीत बसवली गेली आणि सगळे घरी गेले.

सकाळी त्या आल्या तेव्हा फळीवर हुकाची आकृती उघडी होती.

टेबलाखाली, पेट्यांमागे, स्वतःच्या पिशवीत, झाडूवाल्याच्या सुपात, सगळीकडे शोधून झालं. हूक अडकवल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. पण तो इतक्या वेळा अडकवला होता, की आठवतंय ते कालचं की कुठल्या जुन्या दिवसाचं, हे काही केल्या उलगडेना. त्या चिटणीसांकडे गेल्या.

“आत कशाला राहील?” चिटणीस म्हणाले. “कोणीतरी नेला असेल. इथे माणसं चमचेसुद्धा नेतात.”

“नेला असेल. आत असला तर छत्री फाटेल, नाहीतर उघडणारच नाही.”

“उघडून पाहून पुन्हा बांधायला किती वेळ?”

“आजचा दिवस.”

चिटणीस खुर्च्यांकडे पाहत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, माझ्याकडे तसलाच एक हूक आहे. फळीवर अडकवू या का?”

हे ते अगदी मनापासून म्हणाले. भल्या माणसाला संकटात सुचतं ते असंच काहीतरी.

दीर तोवर वैमानिकाचा जुना पोशाख चढवून आला होता. चेन पोटापाशी अडली होती.

“भाऊजी, हूक सापडत नाही.”

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तो विमानाच्या शेपटीकडे पाहत म्हणाला, “तुम्हाला काय वाटतं?”

“नसावा आत.”

“मग बसतो की मी. तुम्ही बांधलेल्या छत्रीवर आजवर कधी शंका घेतली का? तुम्ही हो म्हणा, मी निघालो.”

त्याने भरवसा टाकला, आणि तो नेमका त्यांच्या डोक्यावर पडला. नाही म्हणावं तर विमानतळ जातो. हो म्हणावं तर दीर भिंतीच्या दिशेने जातो, आणि भिंतीपलीकडे बस, सायकली, शाळेतून येणारी मुलं. त्यांनी शिडी लावली, शेपटीचं झाकण काढलं, गाठोडं छातीशी धरून खाली उतरल्या आणि कोणी आडवं यायच्या आत गवतावर पिशवीची पिन ओढली.

एवढी मोठी छत्री, पण उघडताना कुशीवर वळल्याइतकाच आवाज झाला. वहिनी गुडघ्यांवर बसून घडी-घडी चाचपू लागल्या. दोऱ्या झाल्या, शिवणी झाल्या, पिशवीचा तळ झाला. हात पुढे सरकत होता तशी त्यांच्या मनात एक भलतीच प्रार्थना उठत होती: असू दे. देवा, आत असू दे. आयुष्यभर त्यांनी छत्रीत काही राहू नये म्हणून जीव टाकला होता.

आत काही नव्हतं.

समिती वेळेवर आली. दिराने इंजिन सुरू केलं, विमान अदबीने धावपट्टीच्या टोकापर्यंत नेलं आणि तितक्याच अदबीने परत आणलं. ब्रेकना तेवढंच झेपत होतं.

“एवढंच का?” समितीतल्या एका बाईंनी विचारलं.

“आज तांत्रिक अडचण आहे,” चिटणीस म्हणाले.

“छान ठेवलंय हं. एखाद्या चौथऱ्यावर काय शोभेल!”

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. विमानांना कोपरा मिळाला, धावपट्टी गोदामांना गेली. ते तसंही व्हायचंच होतं, असं पुष्कळांनी वहिनींना सांगितलं. आळीपाळीने, एकेकट्याने येऊन सांगितलं. तेव्हा त्यांना कळलं, की आपल्या पाठीमागे दुसरंच काही बोललं जातंय. चिटणीस भेटले की फक्त नवऱ्याची तब्येत विचारत, आणि ती तर ठणठणीत होती.

नवरा म्हणाला, “अगं, तू एक माणूस वाचवलंस.”

“कशापासून? आत काही नव्हतं.”

तो भाजी निवडत बसला.

उघड्यावर उभी राहणार म्हणून विमानांना जाड कापडाच्या खोळी लागणार होत्या. ते काम ओघानेच वहिनींकडे आलं. पहिली खोळ त्या धावणाऱ्या विमानाची. ती चढवायला दीर आला. एका पंखाशी तो, दुसऱ्याशी त्या. धावपट्टीवर आखणीच्या खुंट्या ठोकण्याचं काम चाललं होतं. नाकावरून कापड ओढून झालं, तेव्हा तो मधेच थांबला.

“वहिनी, राग मानू नका. हूक आत निघाला असता तर बरं झालं असतं.”

“तुम्ही जन्मभर मला सुनावलं असतं.”

“सुनावलं असतं. रोज. पण बरं झालं असतं.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “चाचपत होते तेव्हाच.”

त्याने पंखावरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमच्याकडे कापड जास्त गेलंय,” त्या म्हणाल्या. “थोडं इकडे सोडा.”

त्याने सोडलं.