आधी शांती, मग पाव

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे बापाने शाळेतून काढून पावाच्या भट्टीवर उभा केला, तो पन्नास वर्षं तिथेच. तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर त्या माझ्या. पण हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. अजून आठवलं की शेजाऱ्याला हाक मारून सांगावंसं वाटतं. त्याला चारदा सांगून झालंय, म्हणून आता कागदावर.

आठ महिन्यांपूर्वी माझी कार्मिण गेली. दोन महिने अंथरुणाला होती. दुपारी मी भट्टीवर गेलो की माझा धाकटा भाऊ पास्कू तिच्यापाशी येऊन बसायचा. त्याचं घर आमच्या कुंपणाला लागूनच. त्या दिवशी तो तिला सोडून भट्टीच्या दारात आला. माझं डोकं भट्टीच्या तोंडाशी, पाव लाल होत आलेले. मी न बघताच हाताने खूण केली, थांब. तो थांबला. पाव काढले, झाकले आणि आम्ही दोघे घरात गेलो, तर कार्मिण गेलेली होती. शेवटच्या घडीला तिच्याजवळ कोणी नव्हतं. मी पास्कूवर ओरडलो, “तिका एकटी टाकून इलंस कित्याक रे?” तो काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, “तोंड दाखव नको माका.” त्या दिवसापासून माझं त्याच्याशी बोलणं बंद, आणि भट्टीही बंद.

देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, जागा मात्र बदलता येईना. आमचा बाक बापाच्या वेळेपासून एकच. मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग सगळे आजूबाजूला वळून हात जोडतात. चाळीस वर्षं मी पहिली शांती कार्मिणला दिली. घरात भांडून आलो असलो तरी तिथे ती हात जोडून गालात हसायची आणि भांडण तिथेच मिटायचं. आता तिच्या जागी पास्कू. दर रविवारी तो माझ्याकडे वळून हात जोडून उभा राहायचा, आणि दर रविवारी मी खाली वाकून चपलेचा पट्टा बघायचो. मग उठून रांगेत जाऊन पवित्र भाकर घ्यायचो. देवाला सांगायचो, तुझी शांती तुझ्यापाशीच ठेव, माझी शांती तू मातीत घातलीस. खोटं कशाला सांगू? असंच म्हणायचो.

तर एका शुक्रवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, दारात रिक्षा थांबली. माझ्याच वयाचा एक माणूस उतरला, डोक्याला छोटी गोल टोपी. गोव्याहून परत जाताना त्यांची गाडी कुडाळला बिघडली होती. दुरुस्त व्हायला दोन दिवस, म्हणून नवरा-बायको इथे समुद्राजवळ खोली घेऊन राहिलेले. त्याला दोन पाव हवे होते. अख्खे, न कापलेले, आणि सूर्य बुडायच्या आत.

मी म्हटलं, “भट्टी बंद आहे. दिसत नाही? बाजारात जा.”

“बाजारातून आलो. तिथे सगळा कापलेला, पिशवीतला. एका बाईने तुमचं नाव सांगितलं. म्हणाली, माणूस तिरसट आहे, पण पाव चांगला.”

“ती बरोबर बोलली. पण आता पाव पण नाही.”

तो हसला आणि रिक्षाकडे वळला. जाता जाता म्हणाला, “असू दे, चपातीवर भागवू. मंडळी म्हणतेच, देवाला चालतं. पण लग्न झाल्यापासून शुक्रवारी तिच्यापुढे दोन अख्खे पाव ठेवायचे मी चुकवलेले नाहीत, म्हणून फिरलो.”

त्याची बायको अजून जिवंत होती आणि तो तिच्यासाठी दोन पाव शोधत उन्हातून फिरत होता! मला रागही आला आणि हेवाही वाटला. आणि माझ्याच तोंडून निघालं, “थांबा. भट्टी तापायला वेळ लागेल. बसायची तयारी असेल तर बसा.”

आठ महिन्यांनी मी भट्टीतलं कोळ्याचं जाळं काढलं. पीठ फुगवायला आम्ही माडी घालतो, म्हणजे माडाची ताडी. माडी कुठून आणू म्हणून बाहेर पडतो, तर माडीवाला समोरच सायकलवरून येत होता. रोज तो त्या वाटेने येत नाही. का आला ते त्याला विचारलं नाही, मला पीठ मळायची घाई होती. जाळ करताना पाहुणा म्हणाला, “आमच्यात रीत आहे, पाव भाजताना आमच्यातल्या कुणाचा हात लागावा. विस्तवात एक लाकूड माझ्या हाताने घालू का?” घाला म्हटलं. त्याने काजूचा एक ओंडका घातला आणि धूर धुराड्यातून वर चढला.

पीठ फुगेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तो अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. मराठी आपल्यापेक्षा चांगलं. मी विचारलं, दोनच पाव का? तो म्हणाला, त्यांच्या पूर्वजांना रानात देव रोज आकाशातून अन्न द्यायचा, आणि शनिवार विश्रांतीचा म्हणून शुक्रवारी दुप्पट. त्याची आठवण म्हणून दोन. ते कपड्याखाली झाकून ठेवायचे. आधी सगळ्यांनी मिळून देवदूतांना गाऊन म्हणायचं, शालोम, तुमच्यावर शांती असो. मग द्राक्षरसावर प्रार्थना, आणि मग पाव मोडायचा.

मी बाकावरून उठलोच. “अहो, आमच्यातपण तसंच! आधी शांती द्यायची, मग फादर भाकर मोडतात! मी पाववाला, आणि इतकी वर्षं हे माझ्या ध्यानात आलं नाही!”

“येशू आमच्याच घरातला होता ना,” तो म्हणाला. “शुक्रवारचं ताट त्याने पाहिलेलं असणारच.” मग सांगू लागला, शालोम म्हणजे नुसतं भांडण नसणं नव्हे. त्या शब्दाचं मूळ पुरं असण्यात आहे. काही तुटलेलं नाही, काही उणं नाही. भेटल्यावर ते एकमेकांना विचारतात, तुझं शालोम कसं आहे? म्हणजे, तू पुरा आहेस ना?

माझं डोकं फिरलं. “मी नाही पुरा. बायको गेली माझी. मग मला कोण कसली शांती देणार?”

तो चिडला नाही. “जो पुरा आहे त्याला ती लागते कशाला? उणा आहे त्यालाच द्यायची. आणि एकट्याने ती होत नाही. मी शालोम म्हटलं की समोरच्याने उलटून मला म्हणायचं.”

माझ्या डोळ्यांपुढे पास्कूचे जोडलेले हात आले. आठ महिने ते हात तसेच राहिले होते, उलटून कोणी काही म्हटलंच नव्हतं. आणि शांती न देता मी भाकर खात आलो होतो. वरून लाल आणि आत कच्चा पाव असतो ना, तसा मी झालो होतो. तो पाव पोटात दुखतोच.

तीनच्या सुमाराला पाव आत गेले. दोन त्याचे, आणि पीठ उरलं म्हणून आणखी चार. ते लाल होत आलेले, माझं डोकं भट्टीच्या तोंडाशी, आणि दारात धापा टाकल्याचा आवाज आला. “दादा!”

माझा हात सवयीने वर गेला. थांब.

आणि तो हात तसाच राहिला. तेच दार, तोच भाऊ, तोच माझा हात. पाव काढायला अजून एक मिनिट हवं होतं. मी लांब दांड्याचं फावडं खाली टाकलं आणि वळलो. पास्कू दारात उभा, दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या कळशा, अर्धं पाणी लेंग्यावर.

“आताच बाजारातसून इलंय, धूर बघलंय. माका वाटला घर पेटला,” तो म्हणाला.

“त्या दिवशी कित्याक इलंस?” मी विचारलं. आठ महिन्यांनी.

त्याने कळशा खाली ठेवल्या. “तिणाच धाडल्यान माका. म्हणाली, तेका बोलव. म्हणाली, पाव जळले तर जळांदेत. मी इलंय, तू हात केलंस. माका वाटला, दोन मिनटां. तुझे पाव जळतीत म्हणान मीच गप रवलंय रे, दादा.” आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

तो दोष त्याने एकट्याने उचलला होता. अर्ध्याहून जास्त माझा होता, आणि मी त्याला बोलूही दिलं नव्हतं. मग देवळात म्हणतो तेच म्हटलं. हात जोडून म्हटलं, “पास्कू, शांती.” त्याने ओले हात जोडले. “तुकापण शांती, दादा.” मग आम्ही एकमेकांना धरलं. दोन म्हातारे, पिठात आणि पाण्यात माखलेले.

इतक्यात मागे खडखडाट. पाहुण्याने फावडं उचललं होतं! जन्मात धरलं नसेल, टोपी तिरकी, घामाघूम, पण त्याने पाव बाहेर ओढले. बुडाशी काळे झाले होते. मी म्हटलं, “जळले. दुसरे करतो.”

“वेळ नाही,” तो म्हणाला. दोन पाव हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघितले. “अख्खे आहेत. एवढंच हवं होतं.”

रिक्षात बसताना तो शालोम म्हणाला. मी आणि पास्कू, दोघांनी एकदम उलटून शालोम म्हटलं. सूर्य अजून माडांच्या वर होता.

त्या रविवारी फादरांनी शांती द्यायला सांगितली आणि मी सगळ्यात आधी वळलो. चपलेचा पट्टा त्या दिवशी खरोखरच तुटला होता, तरी खाली बघितलं नाही. घरी येऊन विचार करत बसलो. उठलेला प्रभू दार लावून बसलेल्या शिष्यांमध्ये आला आणि म्हणाला, तुम्हांस शांती असो. ते सगळे त्याला सोडून पळालेले, तरी त्याचा पहिला शब्द हाच. आणि मग त्याने हातांवरच्या जखमा दाखवल्या. त्या बुजलेल्या नव्हत्या. म्हणजे जखम असूनही माणूस पुरा असतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, म्हणून देवाने पाव मागायला माणूस पाठवला असेल. पाठवला की नुसती गाडी बिघडली, ते मला ठाऊक नाही. मी वाद घालत नाही.

कार्मिणशिवाय घर आहे तसंच रिकामं आहे. पण भट्टी पुन्हा चालू आहे. पास्कू पीठ मळतो, वाईट मळतो, शिव्या खातो. त्याने हाक मारली की मी आता हातातलं सोडून आधी वळतो. पाव जळले तर जळांदेत, असं तीच म्हणाली होती ना! देवा, तुझे उपकार. आणि कार्मिण, तुकापण शांती.