काष्टा सोडलेले दिवस

मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतलेलं कोमट पाणी ना गरम वाटतं ना गार. ते नेमकं तसंच असावं लागतं. लेक तान्ही असताना मी रोज असं पाणी पाहून घ्यायचे. या उन्हाळ्यात ती विसरलेली सवय पुन्हा हाताला लागली, सासूबाईंसाठी. आमच्या इंदापूरकडे सासूला आत्या म्हणतात.

आत्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता आणि आठवड्यातले पाच दिवस बारामतीला किरणोपचार चालू होते. गावात सगळे त्याला ‘लाईट’ म्हणत. ती लाईट डोळ्यांना दिसत नाही, अंगाला जाणवत नाही, आणि तरी दोन-तीन आठवड्यांत जांघेतली त्वचा काळवंडते, हुळहुळते. तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: कोमट पाणी घ्या, साबण नको, घासू नका, मऊ फडक्याने नुसतं टिपा, पावडर-तेल-हळद आपल्या मनाने लावू नका, कपडे सैल घाला. कातडी फुटली तर उपचार थांबवावे लागतात, आणि या आजारात मध्येच थांबणं बरं नव्हे. इतक्या साध्या गोष्टी पाळायला काय अवघड, असं मला वाटलं होतं.

पण आत्या नऊवारी नेसतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ज्या काष्ट्याच्या बळावर त्यांनी उसाच्या सऱ्यांत निम्मं आयुष्य वाकून काढलं, तोच आता पावलागणिक त्या कोवळ्या झालेल्या त्वचेवर घासत होता. त्या बोलल्या नाहीत. उलट परक्या माणसांसमोर जायचं म्हणून रोज सकाळी साबणाने खसाखसा धुऊन, घट्ट नेसून तयार व्हायच्या. लघवीला आग होते म्हणून पाणी पिणंही त्यांनी कमी केलं होतं. देहाच्या ज्या भागाचं नावसुद्धा आपण घरात उच्चारत नाही, त्याची तक्रार बाईने कोणत्या शब्दांत करावी? एके दिवशी धुणं वाळत घालताना काष्ट्याच्या जागी मला फिकट तांबूस डाग दिसला. राग आला, त्यांचा कमी आणि स्वतःचा जास्त.

सिस्टरने मलम दिलं आणि गाऊन घालायला सांगितलं. आठवड्यात सावरलं नाही तर डॉक्टर लाईट बंद ठेवतील, म्हणाली. इथेच घोडं अडलं, कारण आमच्या घरात गाऊनला बंदी होती आणि ती आत्यांनीच घातली होती. मी शाळेत शिकवते, पण घरी आल्यावरही बारा वर्षं साडीतच. त्यावरून आमची दोनदा चांगली जुंपलीही होती. मी आणलेला फुलाफुलांचा गाऊन त्यांनी घडीसकट उशाखाली सारला.

“कास सुटली की उघडं वाटतं गं मला,” त्या म्हणाल्या. “वट्यावर तुझं सासरं, भावकीतली माणसं बसत्यात. आसल्या झग्यात आमी कसं फिरायचं?”

“आणि लाईट थांबली तर?”

त्यांनी उशाखालून गाऊन बाहेर ओढला. मग म्हणाल्या, “तू बी घाल. येकटी न्हाय बसायची मी.”

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी गाऊन घालून ओट्यावर बसलो. सासरे आले, थबकले, खाकरले आणि चहा झाला का, एवढंच विचारून गोठ्याकडे गेले. मला हसू आवरेना.

त्यानंतर सगळं एकदम सुकर झालं असं नाही. लघवी करताना तांब्याने कोमट पाणी ओतत राहिलं की आग कमी होते, हे आम्ही सिस्टरला विचारून शिकलो. आत्या तांब्याभर पाणी पिऊ लागल्या, आणि दुखलं की सांगूही लागल्या, आधी खुणेने, मग चक्क शब्दांत. एकही लाईट चुकली नाही. उपचार संपल्यावर त्वचा हळूहळू निवली, तिच्यावर नवी, फिकी कातडी आली.

आता आत्या पुन्हा नऊवारीत आहेत. परवा भावकीतले चौघं त्यांना बघायला आले, तेव्हा मी गाऊनमध्येच होते. साडी नेसायला लगबगीने आत वळले, तर त्यांनी माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “उकडतंय. बस हितं.”

बारा वर्षांत त्यांनी मला चारचौघांत असं शेजारी बसवून घेतल्याचं आठवत नाही. मी बसले.