थँक यूचं उत्तर

काल नातवाला ताक दिलं. मोबाइलमधून मान वर न करता तो "थँक यू, आजी" म्हणाला आणि भाजलेल्या जिऱ्याच्या वासाबरोबर मी थेट माकणीच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

मी तेव्हा शाळेत होते, दुष्काळ नुकताच सरला होता. गावात दूध सोसायटी निघाली होती आणि ती बघायला एक गोरे साहेब आले होते. ताकाचा मान आमच्या घराला मिळाला. इंग्रजीच्या सरांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं, की साहेब थँक यू म्हणाले की लगेच "यू आर वेलकम" म्हणायचं.

साहेबांनी पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि आईकडं बघून हसत थँक यू म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत आईनं पेला भरला. पाहुणा खूश दिसला की वाढायचं, एवढंच तिला ठाऊक. आणि घरात ताक कितीतरी दिवसांनी आलेलं. साहेब प्याले, पुन्हा थँक यू म्हणाले. तांब्या पुन्हा वाकला.

"आई, बास झालंय त्यांना," मी कुजबुजले.

"मग तसं म्हनतील की. घ्या साहेब, लाजताव कशाला?"

शेवटी साहेबांनी पेल्यावर हात ठेवला, तेव्हा सगळी ओसरी हसली. सगळ्यात मोठ्यानं साहेबच. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

पुढं मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, ते उत्तर किती पोरांकडून घोकून घेतलं. काल मात्र तांब्या उचलला. नातवाचा पेला पुन्हा भरला.

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.