रिकाम्या जीपची मापं

नीट बस गं, आणि हे पत्र वाचताना तो फोन उलटा ठेव. "मावशी, वर्कशॉपात काय चाललंय?" असं दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा उत्तराला थांबली न्हाईस. भाची असलीस म्हणून बोलणी चुकणार न्हाईत तुझी.

पालीच्या पल्याड डोंगरात राहणारा एक मेंढपाळ जुनी जीप घेऊन आपल्या तेलगावला आला. उसाच्या ट्रॉल्या बांधणारी बाई म्हणून माझं नाव त्यानं ऐकलं होतं. बायकोचा मणका दुखावलेला, तिला दर आठवड्याला बीडच्या दवाखान्यात न्यायचं आणि वाट सगळी दगडांची. मागच्या पाट्यांचा, म्हंजे त्या चपट्या लोखंडी स्प्रिंगांचा, दणका सरळ तिच्या पाठीत जायचा.

"अक्का, तिला दणका बसला न्हाई पायजे."

"जीप हाय बाबा ही, पाळणा न्हाई."

"मग पाळणा करा की."

वेल्डिंग तुझ्या काकांनी शिकवलं, बाकीचं मी मोडून मोडून शिकले. फरशीवर खडूनं रिकाम्या जीपचा मागचा भाग खऱ्या मापात काढला, पुठ्ठ्याच्या पट्ट्या खिळ्यावर फिरवून बघितल्या. पाटे काढायचे, त्या जागी गोल स्प्रिंगा. पण स्प्रिंग नुसतं वजन पेलते, एक्सलला, म्हंजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याला, जागेवर धरत न्हाई. म्हणून खाली दोन लांब दांड्या आणि वर दोन तिरक्या, आखूड.

"मागं किती माणसं बसणार?" मी विचारलं. "तीन," तो म्हणाला. तिघांना बसवून बघितलं, लई मऊ चालली.

पहिल्या खेपेला मी त्याच्या वस्तीवर गेले. बायकोला गादीवर निजवलं आणि मग त्यानं चार बोकड चढवले. बाजाराचा दिवस होता. डोंगरातनं रिकामी गाडी खाली नेतंय कोण?

"तीन म्हणालतास ना?"

"माणसं तीनच की अक्का. बोकडं काय माणसं हायत का?"

तो हसला, मीबी हसले. स्प्रिंगा पार बसल्या होत्या, वर दोन बोटं जागा राहिली होती. मला दिसत होतं. बोकड उतरव म्हणायला पायजे होतं. त्याचा बाजार कशाला बुडवायचा, म्हणून गप बसले.

ओढ्यात मागची बाजू खाली आदळली. वरच्या आखूड दांड्यांनी एक्सलचं तोंड वर ओढलं आणि इंजिनाकडनं येणाऱ्या शाफ्टचा जॉइंट तुटला. बायको एकदाच कण्हली. बाजेवर घालून वस्तीवरच्या चौघांनी तिला माघारी नेलं.

मी उशाशी बसले तर म्हणाली, "तुमची चूक न्हाई अक्का. पर मला आता कुटं नेऊ नगा."

नवऱ्यानं किती विनवलं, पण ती पुन्हा दवाखान्यात गेली न्हाई. थंडीत देवाघरी गेली.

वरच्या दांड्या मी लांब केल्या, वाळूची पोती भरून मापं पुन्हा घेतली. परवा तो येऊन गेला. "आता पाण्यावानी चालतीया," म्हणाला. गादी अजून मागंच गुंडाळून ठेवलीय त्यानं. मी चहा टाकला, तर न पिताच उठला.

आता युसूफ वडगाव गावचा एकजण तसंच काम मागतोय. खडू घेऊन फरशीवर बसते आणि तशीच उठते. सरळ विचारायला समोर कुणी न्हाई गं. तू ये, शनिवारी निघालीस तरी चालेल. माझ्यासमोर बस आणि मी रेघ मारायच्या आधी विचार, मावशी, ह्या गाडीत काय काय भरणार हायत. लवकर ये.